आजोबांचं सागवानी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही

कल्याणी_दांडियाबाजार

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर दिवाळीनंतर पाडणार आहेत. सह्या झाल्या, खालचे भाडेकरू गेले, भांडीकुंडी वाटून झाली. अडलंय ते एका कपाटावर.

आजोबांच्या लग्नातलं सागवानी कपाट. ६ फूट ९ इंच उंच, ५ फूट रुंद, २२ इंच खोल. मी राहते वासणा रोडला, सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये ते जात नाही आणि जिन्याच्या वळणावर फिरत नाही. दोन टेम्पोवाले बघून गेले. एक म्हणाला, "बेन, आ तो कापवुं पडशे." कापायचं म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

या कपाटाला खाली चार खण आहेत. त्यातला एक बंद केला की शेजारचा आपोआप बोटभर पुढे येतो. लहानपणी आम्हाला वाटायचं, आत कुणीतरी बसलंय. वडील सांगायचे, खण इतके चपखल बसलेत की आतल्या हवेला जायला जागा नाही, म्हणून ती शेजारच्याला ढकलते. इतकी वर्षं झाली, अजून ढकलते.

आता दुसरी गोष्ट. चार वर्षांपूर्वी मुलीसाठी नवं कपाट घेतलं, चांगल्या दुकानातून, चांगले पैसे मोजून. दुसऱ्याच पावसाळ्यात खालची कड पावासारखी फुगली आणि दाराची बिजागरी स्क्रूसकट हातात आली. दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, यात परत स्क्रू धरत नाही, नवीन घ्या."

तर प्रश्न दोन. कपाटाचं काय करू? आणि ते जुने सुतार वेगळे होते, की लाकूड वेगळं होतं, की आपणच वेगळे झालो?

मांडवीकर

विकू नका. एवढंच सांगतो. आमच्या काकांनी शिसवी पलंग शुक्रवारी बाजारात दिला, रद्दीच्या भावात. महिन्याभराने मुंबईच्या एका घराच्या फोटोत दिसला, त्याच पलंगाचं बाक झालं होतं. पायांवरच्या मोरांमुळे ओळखला. काका आठवडाभर नीट जेवले नाहीत.

प्लाय_मकरपुरा

माझं मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फर्निचरचं काम आहे, २५ वर्षं. या विषयावर सगळे आमच्यावरच तुटून पडतात, म्हणून आधीच लिहितो.

ताई, मुलीचं कपाट प्लायचं नव्हतं. ते पार्टिकल बोर्ड. लाकडाचा चुरा आणि राळ दाबून केलेला पाट. त्यात स्क्रू एकदाच धरतो, आणि कडेला लावलेली पट्टी सुटून आत पाणी शिरलं की चुरा फुगतो तो परत बसत नाही. प्लायवूडची गोष्ट निराळी. त्यात लाकडाचे पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवतात, त्यामुळे एका थराला फुगायचं असलं तरी वरचा-खालचा त्याला धरून ठेवतो. घेताना शिक्का बघायचा. आयएस ३०३ (प्लायचं भारतीय मानक) मध्ये एमआर लिहिलं असेल तर ते दमट हवा सोसेल, बादलीभर पाणी नाही. सिंकखाली किंवा बाथरूमला लागून कपाट करायचं तर आयएस ७१० मागा, ते पाणी सोसतं. हे दुकानदार आपण होऊन सांगत नाही, ही आमच्या धंद्याची चूक. मान्य.

पण जुन्याचं कौतुक करताना एक लक्षात घ्या. तुमच्यासमोर आज जे उभं आहे ते टिकलेलं आहे. जे टिकलं नाही ते तुम्ही बघितलंच नाही. त्या काळीही देवदाराच्या खोक्यांची कपाटं होती, आंब्याच्या ओल्या फळ्यांच्या मांडण्या होत्या. किडल्या, वाकल्या आणि बंबात गेल्या.

कल्याणी_दांडियाबाजार

बंबाचं पटलं. आमच्याकडेही आजीची एक मांडणी बंबातच गेली म्हणतात.

पण दादा, मग आज कुणी टिकणारं करायचं म्हटलं तर करता येतं का? की कारागीरच उरला नाही?

प्लाय_मकरपुरा

येतं. माझ्याकडे दोन जण आहेत, हाताने सांधा काढणारे. गिऱ्हाईक नाही. भाव सांगितला की लोक म्हणतात, "एवढ्यात तर अख्खं बेडरूम होतं." आणि १५ दिवसांत हवं असतं. लाकूड सुकायलाच त्याहून जास्त दिवस लागतात.

उत्तरा_वाडी

मी जरा वेगळं बोलते. जुनं फर्निचर पुसायचं कुणी? आमच्या सासरी नऊ पायांचा पलंग होता, नववा मधोमध टेकूला. त्याच्या एकेका सांध्यात ढेकूण. दर उन्हाळ्यात सासूबाई आणि मी तो अगाशीत चढवायचो, उन्हात टाकायचो, फटीफटीत रॉकेल सोडायचो. अंगाला वास, हाताला फोड. कोरीव कामात साठलेली धूळ काढायला मी दात घासायचा जुना ब्रश वापरायचे. पलंग गेला त्या दिवशी मला मोकळं वाटलं, हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

कारागिरी मोठी होती, नाही कोण म्हणतं? पण तिच्याखाली वाकलेल्या बायकाही होत्याच.

सुरसागरकाठ

उत्तराताई, अगदी मनातलं. आमच्याकडे रॉकेलचं काम माझ्याकडे असायचं, नाक दाबून.

ज्यांना जुनं काम बघायचंय त्यांनी एकदा तांबेकर वाडा निवांत बघावा. १९व्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा वाडा. आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. लोक भित्तिचित्रं बघायला जातात आणि मान वर करून तशीच परत येतात. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त लाकूड बघितलं. खांबाचं डोकं आणि त्यावरची तुळई जिथे भेटतात ती जागा बघा. वरचं सगळं ओझं तिथे उतरतं, आणि त्याच जागी सुताराने फुलं-पानं कोरलीत. जोर आणि शोभा त्याने वेगळी मानलीच नाही.

अहमदाबादच्या पोळांतही, म्हणजे जुन्या गल्ली-वस्त्यांतही, तेच. विटांच्या भिंतीत मधेमधे लाकडाचे पट्टे आणि तुळया गुंफलेल्या, त्यामुळे जमीन हलली तर भिंत थोडी लवते, एकदम फुटत नाही. २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपानंतर या बांधणीकडे इंजिनिअर लोकांनी पुन्हा नीट बघायला सुरुवात केली.

रंधा

अहमदाबादचं नाव निघालंच आहे तर. १८८१ मध्ये लॉकवूड डी फॉरेस्ट नावाचा अमेरिकन तिथे आला आणि मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्याने लाकूड कोरणाऱ्यांचा कारखाना काढला. तिथल्या कारागिरांनी कोरलेलं सागवान जहाजाने न्यूयॉर्कला जायचं. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींच्या न्यूयॉर्कच्या घरातल्या एका खोलीला ते लागलेलं आहे. ते घर आता कूपर ह्युइट संग्रहालय झालंय. कोरणाऱ्यांची नावं मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

आता लाकडाचं. कल्याणीताईंनी विचारलं, लाकूड वेगळं होतं का. होतं. सागाचा टिकाऊपणा त्याच्या गाभ्यात असतो, तिथल्या तेलामुळे वाळवी फिरकत नाही. बाहेरचा फिका भाग वाळवी खाते. जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या झाडात गाभा मोठा. लागवडीचं झाड लवकर कापतात, त्यात फिका भाग जास्त. दुकानात दोन्हीचं नाव सागच.

ब्रह्मदेशात तर साग तोडायच्या आधी त्याच्या बुंध्याला गोल खाच पाडून दोन-तीन वर्षं उभाच वाळू देत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळला की तरंगतो, आणि तिथे ओंडके नदीतूनच खाली आणायचे असत. म्हणजे झाड पडायच्या आधीच निम्मं सुकलेलं. मग वखारीत, मग सुताराकडे. इंचभर जाडीला एक वर्ष सुकू द्यायचं, हा जुना ठोकताळा.

आपल्याकडे मात्र डांगच्या जंगलातला साग जवळ. गायकवाड सरकारने १९१३ साली बिलिमोऱ्याहून वघईला छोटी गाडी सुरू केली, ६३ किलोमीटर, ती मुख्यतः डांगमधलं लाकूड आणायलाच. बिलिमोरा तेव्हा बडोदा राज्यात.

कल्याणी_दांडियाबाजार

रंधा, अंगावर काटा आला. माझ्या आजीचं माहेर बिलिमोरा! कपाट तिच्या माहेरून आलं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मांडवीकर

झालं. आता तर अजिबातच विकू नका.

वाकसाचा_नातू

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझे आजोबा सुतार. रत्नागिरीकडून बडोद्याला आले, रावपुरा-दांडिया बाजारातल्या घरांची कामं केली. दुकान नव्हतं. मालकाच्या ओट्यावर बसून काम. मांडी घालून बसायचे, फळी दोन्ही पायांच्या तळव्यांत धरायची आणि वाकस, म्हणजे लाकूड तासायचं आडव्या पात्याचं हत्यार, चालवायचा. पायाच्या अंगठ्यापासून वाकस बोटभर अंतरावर पडायचा. शेवटपर्यंत दोन्ही अंगठे शाबूत होते, याचा त्यांना फार अभिमान.

मी सहा-सात वर्षांचा असताना त्यांनी मला कुसू समजावलं होतं. फळीच्या टोकाला जीभ ठेवायची, समोरच्या लाकडात तेवढंच भोक पाडायचं. जीभ सैल झाली तर सांधा हलणार, घट्ट झाली तर समोरचं लाकूड फुटणार. "हातोडीने नाही, तळहाताने गेलं पाहिजे," म्हणायचे. दाराच्या चौकटीत मधली फळी ते कधी सरसाने चिकटवत नसत, नुसती खाचेत सोडत. मी विचारलं, का. म्हणाले, "आषाढात ती फुगणार, वैशाखात आकसणार. तिला हलायला जागा नको?" लाकूड आडवं हलतं, उभं नाही, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. त्यांना शाळा चौथीपर्यंतची.

अमावास्येला हत्याराला हात लावत नसत. इथल्या सुथारांचा रिवाज, तो त्यांनी घेतला. माघ शुद्ध त्रयोदशीला विश्वकर्म्याची पूजा. पाटावर करवत, रंधे, पटाश्या (लाकडाच्या छिन्न्या), मधे वाकस. त्या दिवशी आम्हा पोरांना हत्यारांवरून ओलांडून गेलं तरी मार बसायचा.

आता जे लिहायचं की नको असं वाटत होतं ते. आमच्या घरात कपाट नव्हतं. पत्र्याची ट्रंक आणि भिंतीला दोरी. दुसऱ्याकडे महिना-दीड महिना बसून जे केलं ते घरी करायला ना लाकूड होतं ना वेळ. मजुरीचा रोज मिळायचा तो दिवसाचा. पावसात काम बंद, रोज बंद. वडिलांना त्यांनी मुद्दाम मिलमध्ये चिकटवलं. मी बँकेत. त्यांचा वाकस माझ्याकडे आहे, धार गेलेला.

मला तुमच्या सगळ्यांच्या कौतुकाने बरं वाटतंय, खरंच. पण "तसे सुतार आता का नाहीत" याचं उत्तर आमच्या घरात तरी हे आहे.

उत्तरा_वाडी

दादा, बरं केलंत लिहिलंत.

प्लाय_मकरपुरा

माझ्याकडचे ते दोघे, त्यांचीही मुलं या कामात नाहीत. एक मोबाइल दुरुस्तीत, एक हालोलला कंपनीत. उद्या त्यांचा रोज वाढवण्याबद्दल भावाशी बोलतो. इथे लिहून ठेवतो म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

हिंचकाप्रेमी

विषय जरा बाजूला नेतो, माफ करा. कुणी संखेड्याला जाऊन काम बघितलंय का? आता छोटा उदेपूर जिल्ह्यात येतं. खरादी लोक सागाचा तुकडा चरकावर फिरवतात, कथिलाची भुकटी घोटून बारीक ब्रशने त्यावर नक्षी काढतात आणि वर लाख चढवतात. कथिल असतं चांदीसारखं, लाखेखाली गेलं की सोनं दिसायला लागतं. मग अकीक दगडाने घासायचं. पॉलिशला केवड्याचं पान. माझ्या आईचा हिंचका (झोपाळा) तिथला, तांबडा आणि सोनेरी. घर बदलताना सगळे दांडे सुटे करून टॅक्सीच्या टपावर आणला आणि तासाभरात परत उभा केला.

जुन्या बोटींचं सामान हवं असेल तर भावनगरकडे अलंगच्या रस्त्यावर त्रापजपर्यंत दुकानंच दुकानं आहेत. तोडलेल्या जहाजांतली टेबलं, दारं, कपाटं. जड असतात पण.

सुरसागरकाठ

हिंचकाप्रेमी, विषय बाजूला नाही नेलात. दांडे सुटे केले म्हणालात, त्यावरून एक डोक्यात आलं.

कल्याणीताई, दांडिया बाजारातलं कपाट कितव्या मजल्यावर आहे? आणि तिथला जिना केवढा?

कल्याणी_दांडियाबाजार

दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, जेमतेम अडीच फूट रुंद, वर झडप. मी स्वतः पिशवी घेऊन तिरकी चढते.

सुरसागरकाठ

मग कपाट वर गेलं कसं?

मांडवीकर

खिडकीतून दोर लावून?

कल्याणी_दांडियाबाजार

खिडकीला दगडी चौकट आणि गज. पाच फुटांचं काही जाणार नाही. अरे देवा. हा विचार इतक्या वर्षांत कुणालाच कसा नाही सुचला?

वाकसाचा_नातू

वरच बनवलं असेल असं मी म्हटलं असतं, आजोबा घरी बसूनच करायचे. पण तुमचं तर बिलिमोऱ्याहून आलंय. गाडीने आलं असेल तर अख्खं आलेलं नाही.

ताई, एक करा. कपाट रिकामं करा. वरचा कोरीव मुकुट दोघांनी दोन्ही टोकांना धरून सरळ वर उचलून बघा. ओढू नका, स्क्रू शोधू नका. उचलला गेला तर त्याच्याखाली बाजूच्या फळ्यांतून आरपार आलेली कुसवं दिसतील आणि प्रत्येकात एक पाचर. पाचरीची बारीक बाजू बघा, त्या बाजूने ठोकली की निघते. लोखंडी हातोडी नको, लाकडी घ्या किंवा मधे फळकूट धरा. आणि काही काढायच्या आधी सांध्याजवळ पटाशीच्या खुणा आहेत का ते टॉर्च लावून बघा.

प्लाय_मकरपुरा

सहमत. आधी दारं उतरवा, खण काढा. प्रत्येक भागाचा फोटो. दमट हवेत पाचर अडली तर जबरदस्ती नको, दोन कोरडे दिवस थांबा. हवं तर रविवारी माझा माणूस पाठवतो, पैसे नकोत.

कल्याणी_दांडियाबाजार

रविवारची रात्र. हात काळे आहेत, तसेच लिहितेय.

मुकुट उचलला गेला. मी आणि भाऊ, नुसत्या हातांनी. आतापर्यंत तो कधी कुणी उचललाच नव्हता. खाली चार कुसवं, चार पाचरी, एवढी वर्षं अंधारात. आणि खुणा आहेत. एका सांध्याला एक टोचा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला चार, आणि समोरच्या लाकडावर तेवढेच. अक्षर एकही नाही. कुणालाही कळावं असं, कुठलीही भाषा येत असली तरी.

मकरपुऱ्याहून जे कारागीर आले होते ते साठीचे आहेत. त्यांनी टोच्यांवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "आ माणसे आपणा माटे लखी राख्युं छे." या माणसाने आपल्यासाठी लिहून ठेवलंय.

तीन पाचरी दोन-दोन ठोक्यांत निघाल्या. चौथी वाळवीने खाल्लेली होती, हातात चुरा आला. बहुतेक कधीतरी कुणीतरी ती आंब्याची घातली असावी, बाकीच्या तीन गडद आणि लोखंडासारख्या आहेत. मागच्या फळ्या खाचेतून वर सरकवून काढल्या. एकूण १७ भाग झाले. त्यातला सगळ्यात मोठा जिन्यातून तिरका करून उतरला, माझ्यासारखाच.

वाकसाचा_नातू

चौथी पाचर मी करतो. बाभळीची करू का? सागापेक्षा चिवट. माप द्या: लांबी, जाड टोक, बारीक टोक. वाकसाला उद्या धार लावून आणतो.

कल्याणी_दांडियाबाजार

लांबी साडेचार इंच, जाड टोकाला एक इंच, बारीक टोकाला अर्धा. तुम्हीच घेऊन या, जेवायलाच या. उत्तराताई, तुम्हीही. पुसायचं काम मुलीने घेतलंय, ब्रशसकट.

उत्तरा_वाडी

येते. ढेकूण नाहीत ना, ते आधी सांग.

कल्याणी_दांडियाबाजार

एकही नाही! कारागिरांनी सांधा सांधा बघितला.

काल संध्याकाळी सातव्या मजल्यावर उभं केलं. टोचे जुळवत गेलो, पाऊण तास लागला. नातूदादांची पाचर तळहाताने गेली. खण लावले, डावीकडचा बंद केला, आणि उजवीकडचा बोटभर पुढे आला. माझी मुलगी दचकली.

हिंचकाप्रेमी

नातूदादा, आमच्या आईच्या माहेरचा एक देव्हारा आहे, कळस हलतोय. तो पण नुसता उचलला जात असेल का? फोटो टाकू?

वाकसाचा_नातू

टाका. खालून, कळसाच्या बुडाचा. टॉर्च लावून.